सांडपाण्याचा पुढचा मुक्काम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांमधील बहुतेक प्रश्न सांडपाण्याविषयीचे आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. बहुतेकांनी हे पाणी घालवायचे कसे, असे विचारले आहे. उत्तरे लिहिताना मात्र ते आपल्या दारातून निघाल्यावर कोणाकडे जाते, हे मी आधी पाहिले आहे, कारण उपाय त्यावरच ठरतो.

प्रश्न : उन्हाळ्यात कृष्णेत मासे मेल्याच्या बातम्या येतात आणि दर वेळी कारखान्यांकडे बोट दाखवले जाते. आमच्या घरातून जाते ते केवळ आंघोळीचे, धुण्याभांड्याचे आणि संडासाचे पाणी. त्याचा यात खरोखर काही वाटा असतो का?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : असतो, आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. नदीतले मासे बहुतेक वेळा विषाने नव्हे, तर गुदमरून मरतात. मैलापाण्यातील सेंद्रिय घाण खाणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. एक लिटर पाण्यातील घाण पचवण्यासाठी त्यांना किती मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, त्या मापाला बीओडी म्हणतात. प्रक्रिया न केलेल्या घरगुती मैलापाण्याचा बीओडी साधारण २०० असतो. उलट ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात प्राणवायू मावतोच मुळी लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम, आणि माशांना जगण्यासाठी त्यातला निदान चार मिलिग्रॅम शिल्लक राहावा लागतो. म्हणजे आपले एक लिटर मैलापाणी पचवण्यासाठी नदीचे पन्नासहून अधिक लिटर पाणी खर्ची पडते. वाहती नदी हवेतून पुन्हा प्राणवायू घेते, म्हणून प्रत्यक्षात दर दिवशी मासे मरत नाहीत. मात्र एप्रिल-मे महिन्यांत कोयनेतून सोडलेल्या पाण्यावर कृष्णेचा प्रवाह टिकून असतो आणि बंधाऱ्यांमागे पाणी जवळपास उभे राहते, तेव्हा ही भरपाई फार सावकाश होते.

आता कारखान्यांविषयी. मद्यार्क निर्मितीतून निघणाऱ्या मळीच्या सांडपाण्याचा बीओडी चाळीस हजारांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. असे दहा हजार लिटरचे एक टँकर ओढ्यात रिकामे झाले, तर त्याचा भार वीस लाख लिटर मैलापाण्याएवढा होतो. एका रात्रीत हजारो मासे तरंगताना दिसतात, तेव्हा अशा अचानक आलेल्या भाराची शंका घेणे योग्यच आहे. परंतु तो भार सोसण्याची नदीची ताकद आधीच कोणी खाल्लेली असते, हे विचारले तर उत्तर आपल्या गटारांपाशी येते. दरडोई १३५ लिटर पाणीपुरवठा धरला आणि त्यातील ऐंशी टक्के सांडपाणी होऊन परत येते असे मानले, तर एक लाख वस्तीचे शहर रोज एक कोटी लिटरहून अधिक मैलापाणी तयार करते. वाई, सातारा, कऱ्हाड, सांगली ही सगळी गावे एकाच पाण्याच्या काठी आहेत, आणि वरच्या गावाने सोडलेले पाणी खालच्या गावाच्या जॅकवेलपाशी, म्हणजे नदीतून पाणी उपसण्याच्या विहिरीपाशी, पोहोचते. सांगलीकरांना शहराचे सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरी नाल्याचे उदाहरण सांगण्याची गरज नाही. नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी ३० च्या आत असावा, ही मर्यादा पर्यावरण संरक्षण नियमांत सर्वसाधारणपणे घातलेली आहे. कारखान्याला जाब विचारताना आपल्या शहराच्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडाही मागावा.

प्रश्न : आमच्या भागात शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीला देण्याची चर्चा आहे. माझी जमीन काळी, भारी आहे आणि ऊस व हळद ही पिके असतात. काही जण म्हणतात, या पाण्यावर खत घालावे लागणार नाही. काही जण म्हणतात, जमीन क्षारपड होईल. कोणाचे खरे मानावे?
— एक शेतकरी, मिरज तालुका

उत्तर : दोघांचेही खरे आहे, आणि हिशोब मांडला की ते किती खरे आहे हे आपणच ठरवू शकाल. एक एकर-इंच पाणी म्हणजे सुमारे एक लाख लिटर. साध्या पद्धतीने प्रक्रिया केलेल्या मैलापाण्यात लिटरमागे २५ मिलिग्रॅम नत्र उरले आहे असे धरू. मग प्रत्येक एकर-इंचातून अडीच किलो नत्र शेतात येते. वर्षभरात असे वीस इंच पाणी दिले, तर एकरी ५० किलो नत्र, म्हणजे युरियाची सव्वादोन ते अडीच पोती, न विकत घेता मिळतात. स्फुरद आणि पालाश वेगळे. हे खत आपण थांबवू शकत नाही, ही मात्र त्याची खोड आहे. उसाच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत नत्र मिळत राहिले, तर ऊस वाढत राहतो, पक्व होत नाही आणि साखरेचा उतारा घसरतो. म्हणून त्या काळात विहिरीचे किंवा कालव्याचे साधे पाणी देता आले पाहिजे. ती सोय नसेल, तर खत वाचल्याचा आनंद कारखान्याच्या काट्यावर फार टिकणार नाही.

आता दुसरी बाजू. त्याच पाण्यात लिटरमागे ७०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असतील, तर वीस इंच पाण्याबरोबर एकरी सुमारे १४०० किलो क्षार शेतात उतरतात. पीक पाणी घेते, क्षार मागे राहतात. मुरमाड जमिनीत पावसाळी पाणी ते खाली धुऊन नेते. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत चिकणमाती फुगते, पाणी खाली जात नाही आणि क्षार पृष्ठभागाकडे परत येतात. मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांतील अनेकांनी हे मैलापाण्याशिवाय, केवळ उसाला पाट भरभरून दिल्यामुळे अनुभवलेले आहे. तेव्हा आपला प्रश्न पाण्याइतकाच निचऱ्याचा आहे. नवे पाणी घेण्याआधी मातीपरीक्षण करून तीन गोष्टी पाहा : सामू (आम्ल-विम्लता), विद्युतवाहकता (क्षारांचे माप) आणि विनिमययोग्य सोडियमचे, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे, प्रमाण. विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली असेल तर जमीन क्षारयुक्त झाली आहे. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होत चालली आहे. अशा जमिनीत जिप्सम टाकून भागत नाही. त्याने सुटा झालेला सोडियम बाहेर जायला वाट हवी. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात भूमिगत निचऱ्यावर, म्हणजे जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून जास्तीचे पाणी आणि क्षार बाहेर काढण्याच्या पद्धतीवर, काम झालेले आहे. आपल्या शेताचा उतार पाहून त्यांचा सल्ला घ्यावा. या पाईपांतून निघणारे खारे पाणी खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीशेजारी सोडायचे नाही, हेही त्याच वेळी ठरवून टाकावे; पुष्कळ तंटे तिथूनच सुरू होतात.

आरोग्याविषयी आपण विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. जमिनीवर द्यायच्या सांडपाण्यासाठी बीओडीची मर्यादा १०० आहे, म्हणजे नदीसाठीच्या मर्यादेहून सैल. शिवाय बीओडी कमी असला म्हणजे रोगजंतू गेले, असे मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी १०० मिलिलिटरमध्ये मैल्यातील जीवाणूंची संख्या १००० च्या आत आणि जंतांची अंडी लिटरमागे एकाहून अधिक नसावीत, असे सुचवले होते. साध्या प्रक्रियेनंतर निर्जंतुकीकरण झाले नसेल, तर पाणी या कसोटीला उतरत नाही. म्हणून या पाण्यावर कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, गाजर, काकडी घेऊ नये. ऊस आणि वैरणीची पिके चालतील, मात्र वैरण कापण्याआधी दोन आठवडे पाणी तोडावे. हळद शिजवली जाते, त्यामुळे खाणाऱ्याला धोका कमी आहे. धोका आहे तो काढणीच्या वेळी ओल्या मातीत हात घालणाऱ्या बायांना. गमबूट आणि हातमोजे मालकाने पुरवावेत. ठिबकवर हे पाणी घ्यायचे असल्यास वाळूचा फिल्टर आणि त्यानंतर चकत्यांचा फिल्टर हे दोन्ही लागतील, अन्यथा एका हंगामात ड्रिपर बुजतील.

प्रश्न : आमच्या साठ सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेत बिल्डरने सांडपाणी प्रक्रिया संयंत्र बसवून दिले आहे. वीजबिल फार येते म्हणून आम्ही ते रात्री बंद ठेवतो. तरीही दुर्गंधी येते, आणि सभासद म्हणतात की ते कायमचे बंद करून पाणी मागच्या ओढ्यात सोडावे. काय करावे?
— संस्थेचे सचिव, सदरबझार, सातारा

उत्तर : तरीही नव्हे, त्यामुळेच दुर्गंधी येते. संयंत्रात काम करणारे जीवाणू हेच तुमचे खरे कामगार आहेत आणि ब्लोअर त्यांना श्वास पुरवतो. तो सात-आठ तास बंद राहिला की टाकीतला प्राणवायू संपतो, हवेवर जगणारे जीवाणू मरतात किंवा निपचित पडतात, आणि त्यांची जागा सडक्या अंड्याचा वास असलेला वायू तयार करणारे जीवाणू घेतात. सकाळी ब्लोअर सुरू केला की रात्रभर साठलेला तोच वायू एकदम वर येतो आणि नेमका पूजेच्या वेळी तळमजल्यावर पोहोचतो.

वीज वाचवायची असेल तर ब्लोअर बंद न करता त्याचा वेग कमी करणारे उपकरण बसवता येते, किंवा दोन ब्लोअर असतील तर ते आलटून-पालटून चालवता येतात. टाकीतील विरघळलेला प्राणवायू लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास राहिला म्हणजे पुरे. त्याहून अधिक हवा देणे हे पैसे हवेत सोडणे आहे. संयंत्राची प्रकृती पाहण्यासाठी महाग यंत्रे लागत नाहीत. हवेच्या टाकीतील पाणी एक लिटरच्या काचेच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. तपकिरी गाळ व्यवस्थित खाली बसला, वरचे पाणी नितळ दिसले आणि मातीसारखा वास आला, तर काम ठीक चालले आहे. गाळ काळा असेल तर हवा कमी पडते आहे. गाळ बसतच नसेल तर पाण्यात तेल, फिनेल किंवा ॲसिड अधिक येते आहे, किंवा साचलेला गाळ वेळेवर काढला जात नाही. दर आठवड्याचे निरीक्षण वहीत लिहून ठेवले, तर देखभाल करणाऱ्या ठेकेदाराशी बोलताना तुमच्या हातात काही असेल. सभासदांना दोनच सूचना द्याव्यात : तळणीचे तेल मोरीत ओतू नये आणि संडास ॲसिडने धुऊ नये.

ओढ्यात सोडण्याचा विचार सोडून द्या. १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा लागू आहे आणि ओढा हा त्या कायद्याच्या दृष्टीने प्रवाहच आहे. साताऱ्यातला ओढा वेण्णेला किंवा थेट कृष्णेला मिळतो, आणि या दोन नद्यांचा संगम माहुलीला आहे, जिथे आपलेच लोक दशक्रियेसाठी पाण्यात उतरतात.

खर्चाचा विचार उलट बाजूनेही करून पाहावा. दर सदनिकेत साडेचार माणसे धरली तर २७० रहिवासी होतात. दरडोई १३५ लिटरमधले ४५ लिटर संडासाच्या फ्लशसाठी धरले जातात, म्हणजे तुमची इमारत रोज सुमारे बारा हजार लिटर पिण्यायोग्य पाणी संडासात ओतते. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले, त्या गाडीच्या पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. तेवढे पाणी तुमच्या इमारतीला दीड महिन्याच्या आत फ्लशला लागते. प्रक्रिया केलेले पाणी वाळू आणि कोळशाच्या फिल्टरमधून काढून, क्लोरिन देऊन, वेगळ्या टाकीतून वेगळ्या नळांनी फ्लशकडे फिरवता येते. जुन्या इमारतीत नवे नळ टाकणे खर्चाचे आहे, हे मान्य. नसेल परवडत, तर निदान बाग, रस्ते आणि शेजारच्या बांधकामाला ते द्यावे. पिण्याच्या नळाशी त्याचा कोठेही जोड राहणार नाही, याची प्लंबरकडून लेखी खात्री घ्यावी. ही एक गोष्ट सैल सोडण्यासारखी नाही.

प्रश्न : आमच्या गावात घरोघरी शोषखड्डे केले, पण दोन वर्षांत निम्मे तुंबले आणि पाणी पुन्हा गल्लीत आले. डासही वाढले. आता ग्रामपंचायत सिमेंटची गटारे करणार आहे. ते योग्य ठरेल का?
— ग्रामपंचायत सदस्य, माण तालुका

उत्तर : गटार पाणी हलवते, जिरवत नाही. गल्लीतले डबके गावाच्या खालच्या अंगाला, बहुधा एखाद्या गरीब वस्तीच्या दारात, जाऊन उभे राहील. ते काम हाती घेण्याआधी तुंबलेले दोन-तीन खड्डे उकरून पाहा. मोरीचे पाणी थेट खड्ड्यात सोडलेले असते, त्यात साबण, भांड्यांची राख, खरकटे आणि केस असतात, आणि या सगळ्याचा चिकट थर दगडांवर आणि खड्ड्याच्या भिंतींवर बसून मुरणे थांबते. खड्ड्याच्या आधी जाळी असलेले एक छोटे चेंबर बांधले, तर हा गाळ तिथेच अडतो. ते दर आठवड्याला साफ करावे लागते, आणि खड्डे तुंबण्याचे खरे कारण हे काम कोणाकडेच सोपवलेले नसणे हे आहे. अनुदानाच्या पाटीवर चेंबर साफ करणाऱ्याचे नाव कधी नसते.

माणमध्ये बहुतेक ठिकाणी मुरूम लवकर लागतो, त्यामुळे पाणी झपाट्याने मुरते. आंघोळीच्या पाण्यासाठी हे सोयीचे आहे, संडासाच्या पाण्यासाठी धोक्याचे आहे. विहीर, आड किंवा हातपंप यांपासून खड्डा किमान १५ मीटर दूर असावा, आणि तडे गेलेला खडक असेल तर त्याहूनही दूर. दोन खड्ड्यांचे शौचालय असेल तर एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा वापरायचा. पहिल्यातील मैल्याचे वर्ष-दीड वर्षाने कोरडे, वास नसलेले खत होते. त्यात मोरीचे पाणी सोडले की हे सगळे बिघडते, म्हणून दोन्ही पाणी वेगळे ठेवावे. घरामागे जागा असेल तर शोषखड्ड्यापेक्षा परसबाग बरी. चेंबरमधून आलेले पाणी कर्दळ, केळी आणि अळूच्या वाफ्यात सोडले की काही वापरले जाते, काही जिरते. डासांबद्दल एक भेद लक्षात ठेवा : गटाराच्या घाण पाण्यात क्युलेक्स वाढतो, डेंग्यू पसरवणारा एडिस मात्र घरातल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो. टंचाईमुळे घरोघरी भरून ठेवलेली पिंपे झाकलेली नसतील, तर गटारे कोरडी करूनही डेंग्यू राहील.

तुमच्याच जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ मध्ये वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, तेव्हापासून सातारा जिल्ह्यात चर आणि बंधारे हा अभिमानाचा विषय झाला आहे. डोंगरावर थेंब अडवण्यासाठी श्रमदान करणारी गावे मोरीतून रोज वाहणाऱ्या पाण्याबाबत मात्र उदासीन दिसतात. पाचशे घरांच्या गावात घरटी दोनशे लिटर सांडपाणी धरले, तरी रोज एक लाख लिटर पाणी होते, आणि ते पावसाची वाट पाहत नाही.

प्रश्न : बारा वर्षांत आमची सेप्टिक टाकी एकदाही उपसलेली नाही, तरी काही त्रास नाही. बाजारात मिळणारी जीवाणूंची पावडर टाकली तर उपसावी लागत नाही, असे दुकानदार सांगतो. खरे आहे का?
— एक गृहिणी, विटा

उत्तर : खरे नाही. लागणारे जीवाणू मैल्यातच असतात, ते विकत घ्यावे लागत नाहीत. आणि न कुजणारा गाळ कोणत्याही पावडरीने नाहीसा होत नाही. तळाचा गाळ टाकीच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत आला की ती उपसावी, आणि साधारणपणे ही वेळ दोन-तीन वर्षांनी येते. तुम्हाला त्रास नाही, याचा अर्थ मैला टाकीत न थांबता सरळ पुढे जातो आहे. टाकीतून बाहेर पडणारे पाणी उघड्या गटारात सोडलेले असेल, तर त्रास कोणाला होतो ते गटाराच्या पुढच्या टोकाला पाहावे. उपसा यंत्राच्या गाडीनेच करून घ्या आणि ती गाडी कोठे रिकामी होणार, हे नगरपालिकेला विचारा.

कोणत्याही परिस्थितीत माणसाला टाकीत उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. आत साठलेला हायड्रोजन सल्फाइड नाकाची वास घेण्याची शक्तीच आधी मारतो, त्यामुळे उतरणाऱ्याला धोका कळत नाही, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही परत येत नाही. आत काडी पेटवून वायू तपासण्याची जुनी रीत तर स्फोटाला आमंत्रण आहे, कारण आत मिथेनही असतो.

प्रश्न : आमच्या तालुक्यात पाऊसच कमी, छतावरचे पाणी साठवण्याचा खर्च वसूल होईल का?
— निवृत्त शिक्षक, जत

उत्तर : एक हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ९३०० लिटर पाणी पडते आणि गळती-बाष्पीभवन वजा जाता साडेसात हजार लिटर हाती लागते. आपल्याकडच्या टँकरच्या दराने त्याची किंमत आपणच काढू शकाल. वर्षभराचे पाणी साठवणारी टाकी बांधू नका, तिचा खर्च वसूल होत नाही. परतीच्या पावसाच्या दोन-तीन चांगल्या सरी मावतील एवढीच टाकी घ्या, कारण पर्जन्यछायेच्या तालुक्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरचाच पाऊस अधिक भरवशाचा असतो. पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडण्यासाठी पन्हाळीच्या नळाला तोटी ठेवावी. टाकी भरल्यावर उरणारे पाणी बोअरकडे वळवायचे असेल, तर ते वाळू-खडीच्या गाळणीतूनच सोडावे. स्लॅबवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा एकदा बोअरमध्ये गेली की बाहेर काढण्याचा सोपा मार्ग नाही. बोअरशेजारी सेप्टिक टाकी असेल, तर तिथे पुनर्भरण करूच नये. त्याऐवजी ते पाणी अंगणातल्या झाडांच्या आळ्यांत सोडावे.